शिकाऊ विमानाचा कौल

विमान उडालं नाही, असं माझं म्हणणं नाही. उडालं. अख्ख्या तुळजापुरानं ते उडताना पाहिलं, आणि ज्यांनी पाहिलं नाही तेही आता पाहिल्यासारखं सांगतात. माझी तक्रार वेगळी आहे. ती खोलीबद्दल आहे, आणि मी ती करत राहणार, मग कुणी मला नास्तिक म्हणो, चक्रम म्हणो, नाहीतर आमचे शेजारी अंबादासबुवा म्हणतात तसं ‘शिकून वाया गेलेला’ म्हणो.

ही खोली म्हणजे आमच्या हायस्कूलची पश्चिमेकडची शेवटची खोली. इमारतीच्या नकाशात तिच्यावर ‘शास्त्र-प्रयोगशाळा’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तिच्यात आमच्या संस्थेचे अध्यक्ष मल्लिकार्जुनअप्पा यांची करडईची पोती असत. ती तात्पुरती ठेवलेली होती. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ती तिथं आली. मग निजाम गेला, हैदराबाद स्टेट मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, पण पोती तात्पुरतीच राहिली. मी या शाळेत शास्त्र शिकवतो. म्हणजे व्हरांड्यात शिकवतो. स्पिरिटचा दिवा पेटवला की वारा येतो, दिवा विझतो आणि पोरं टाळ्या वाजवतात. आमच्या कित्येक मुलांनी परीक्षानळी फक्त फळ्यावर काढलेली पाहिली होती, आणि माझी चित्रकला बेताची असल्यामुळं मुलं तिला वांगं समजत.

अप्पा वाईट माणूस नव्हे. शाळेला जागा त्यांनीच दिली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि भवानीच्या दर्शनाशिवाय दुकानाचं कुलूप काढत नाहीत. पण खोलीचा विषय काढला की त्यांना एकदम गिऱ्हाईक आठवायचं.

चीनच्या लढाईनंतर मुलांना विमानविद्येची गोडी लावायची, असं वरती कुणाच्या तरी मनात आलं आणि आमच्या शाळेला त्यासाठी अनुदान मंजूर झालं. त्यातून रेडिओवर चालणारं लहान विमान घ्यायचं होतं. जमिनीवर उभं राहून हातातल्या पेटीचं बटन दाबायचं आणि आकाशातलं विमान वळवायचं, असा तो प्रकार. शाळेत शास्त्राचा शिक्षक मी एकटा, तेव्हा निवड माझ्या गळ्यात पडली. सभेत अप्पा सर्वांसमक्ष म्हणाले, “सर, शिक्षणाधिकारी साहेबांच्या पुढं हे उडालं, तर त्याच दिवशी पोती हालवतो. खोली तुमची. न्हाई उडालं, तर पोती हैत तिथं बरी हैत.”

हे शब्द मी घरी येऊन शामलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, “तुम्हाला उतारावर सायकल आवरत नाही.” हे ती हळू आवाजात म्हणाली असती तरी चाललं असतं. पण आमच्या आणि धुरपदाबाईंच्या अंगणात भिंत नाही. धुरपदाबाई पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, “लई खालून नका नेऊ सर. वाळवणावर सावली पडती.” संध्याकाळपर्यंत वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे मला सायकल कशी चालवावी ते सांगत होते.

मी मुंबईच्या एका दुकानाचं सचित्र सूचिपत्र मागवलं आणि अभ्यासाला बसलो. शिकणाऱ्यानं घ्यायचं विमान निराळं असतं. त्याचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला असतात, रुंद असतात आणि टोकांशी जरा उचललेले असतात. ते सावकाश चालतं, आणि उडवणाऱ्याची चूक झाली तरी आपलं आपण सावरतं. लढाऊ विमानाचे पंख खाली, अंग निमुळतं, वेग भयंकर. त्याच्यावरचा हात क्षणभर हलला की नाक मातीत. मी शिकाऊ विमानाच्या चित्राखाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली आणि सूचिपत्र शाळेच्या कमिटीपुढं ठेवलं.

अप्पांनी पान उलटलं आणि लढाऊ विमानावर बोट ठेवलं. “हे घ्या. हे बघा कसं हाय, ससाण्यावानी.”

“अप्पा, आपल्याला शिकाऊ पाहिजे.”

“कामून? आपल्यात मॅट्रिकचा वर्ग हाय. शिकाऊ घ्यायला आपण काय बालवाडी हाव? सीमेवर काय शिकाऊ पाठवत्यात व्हय?”

मी पंखांवर हवेचा दाब कसा पडतो ते समजावून सांगितलं. कमिटीतल्या दोघांना डुलकी लागली. तिसरे अंबादासबुवा. हे देवळातले पुजारी आणि पुजारी मंडळींच्या वतीनं कमिटीवर. ते डोळे मिटून ऐकत होते, ते मिटूनच म्हणाले, “वाद कशाला घालता? चिंतामणीला विचारू.”

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. आमच्या देवळात चिंतामणी म्हणून एक गोल, गुळगुळीत दगड आहे. त्याच्यावर दोन्ही तळवे ठेवायचे आणि मनातला प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. मुलीचं स्थळ असो, बैलाची जोडी असो, कोर्टातलं अपील असो, तुळजापुरात त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. दगड का फिरतो याबद्दल माझी काही शास्त्रीय मतं आहेत. ती मी आजवर फक्त शामलापुढं मांडली आहेत, आणि तीही दार लावून.

अप्पा गुडघे टेकून बसले. तळवे ठेवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, “शिकाऊ घ्यावं का?” त्यांच्या आवाजावरून त्यांना नकार हवा होता हे चिंतामणीलाच काय, खांबालाही कळलं असतं. तरी दगड उजवीकडं फिरला. अप्पांचा चेहरा उतरला. आणि मी, शास्त्राचा पदवीधर, भर देवळात सर्वांदेखत हात जोडले. देव माझ्या बाजूनं बोलत होता, तेव्हा त्याला कशाला अडवा, असा मी विचार केला. मी फसलो तो तिथंच.

कारण विमानापेक्षा रेडिओ महत्त्वाचा असतो. त्याचे दोन भाग. एक हातातली पेटी, ती संदेश पाठवते. दुसरं विमानाच्या पोटातलं काड्यापेटीएवढं यंत्र, ते संदेश ऐकतं आणि शेपटी हलवतं. बटन एकदा दाबलं की उजवीकडं, पुन्हा दाबलं की डावीकडं. ही दोन्ही एकाच लहरीची, एकमेकांसाठीच बनवलेली लागतात. हे मी अनुदानाचे हिशेब तपासणाऱ्या कारकुनाला सांगायला उस्मानाबादला गेलो. त्यानं पान खाता खाता ऐकून घेतलं आणि सांगितलं की हातातली पेटी ही यंत्रसामग्री आहे, पण विमानातला तो रेडिओ आहे, आणि रेडिओ करमणुकीच्या सदरात जातो. दोन्हींची सदरं वेगळी, म्हणून दोन्हींची दरपत्रकं वेगळी, आणि ज्याचा दर कमी त्याच्याकडून खरेदी.

“अहो, हे म्हणजे कुलूप एका दुकानातून आणि किल्ली दुसऱ्या दुकानातून घेण्यासारखं आहे.”

“दोन्ही दुकानांच्या पावत्या असल्या म्हणजे आमची हरकत नाही,” तो म्हणाला.

पेटीचा कमी दर निघाला मुंबईचा. यंत्राचा कमी दर निघाला सिकंदराबादच्या एका दुकानाचा, जे लष्करानं मोडीत काढलेल्या सामानातून नव्या वस्तू जुळवतं. मी कमिटीत हरकत घेतली. अप्पा म्हणाले, “त्यात काय एवढं? विचारू की.” पुन्हा सगळे देवळात. पेटी मुंबईची घ्यावी का? दगड उजवीकडं. यंत्र सिकंदराबादचं घ्यावं का? उजवीकडं.

मी म्हणालो, “आता ही दोन्ही एकमेकांशी जुळतील का, तेवढं विचारा.”

अंबादासबुवांनी माझ्याकडं पाहिलं. “सर, सारखं सारखं विचारून देवाला छळत नसत्यात. शिकाऊला कौल आला तवा तुमी हात जोडलेते. आता तुमच्या मनाजोगतं न्हाई म्हणून शंका व्हय?”

मी दोन्ही दरपत्रकांची घडी घातली आणि खिशात टाकली.

पुढचं सांगताना माझं रक्त उकळतं. रेडिओ म्हटलं की पोस्टातून लायसन काढावं लागतं. आमचे पोस्टमास्तर शिवप्पा. त्यांनी विचारलं, “रेडिओ वाजणार कुठं?”

“वाजणार नाही. उडणार आहे.”

“न वाजणाऱ्या रेडिओला लायसन कशाला?”

“मग नको का?”

“नको कसं? रेडिओ हाय म्हणता न्हवं?” त्यांनी कागद पुढं ओढला. “पत्ता सांगा. हवेत म्हणू नका. हवा कोणत्या पोस्टाच्या हद्दीत येती ते आमाला वरून कळवलेलं न्हाई.” शेवटी बऱ्याच वाटाघाटींनंतर ‘मुक्काम पोस्ट तुळजापूर, वरची बाजू’ असं लायसन मिळालं.

मग इंधन. त्या बोटभर इंजिनाला घासलेट, ईथर आणि एरंडेल यांचं मिश्रण लागतं. ईथर मागायला दवाखान्यात गेलो तर कंपाउंडरनं ‘कुणाला भूल द्यायची आहे’ असा खुलासा लेखी मागितला. एरंडेल आणायला वाण्याकडं गेलो. बाटलीभर एरंडेल म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं ज्या दयेनं पाहिलं, ती मला अजून झोंबते. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईंनी शामलाच्या हाती ओवा पाठवला. हेडमास्तरांनी मला खाजगीत बोलावून सांगितलं की तास बुडाला तरी चालेल, पण तब्येतीची हेळसांड करू नका. एका शिक्षकाच्या पोटाची सार्वजनिक चर्चा व्हावी, यापरता अपमान नाही.

एवढं सगळं सोसून मी विमान जोडलं. उन्हात वाळवताना डावा पंख किंचित पिळवटला, तो मी जमेल तेवढा सरळ केला. यंत्र पोटात बसवलं, पेटी हातात घेतली आणि बटन दाबलं. शेपटी हलली नाही. पुन्हा दाबलं. मी ओट्यावरून दाबलं, अंगणातून दाबलं, चुलीपाशी उभं राहून दाबलं. अंबादासबुवांनी बॅटरी उलटी बसवून पाहायला सांगितलं, तेही केलं. त्या दोन वस्तू एकमेकींना ओळखतच नव्हत्या. मुंबईची पेटी आपल्या भाषेत बोलत होती आणि सिकंदराबादचं यंत्र ढिम्म बसून होतं.

मी तसाच अप्पांच्या दुकानात गेलो. “अप्पा, समारंभ पुढं ढकला. विमान उडेल, पण वळवता येणार नाही. रेडिओ जुळत नाही.”

“साहेब उद्या येणार. मंडप पडला. कौल आलेला हाय.” अप्पांनी जरा विचार केला. “वळवता येत न्हाई तर वळवू नका. सरळ जाऊ द्या.”

“आणि पेटी?”

“ती हातात धरा. मोकळ्या हातानं उभं राहिलात तर कसं दिसंल?”

मी नाही म्हणालो. हे मला नोंदवून ठेवायचं आहे, कारण पुढं माझ्यावर नाही नाही ते आरोप झाले. मी स्पष्ट नाही म्हणालो. तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, “बरं. मग पोती न्हाई हालत.” आणि मला ती खोली दिसायला लागली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर बाटल्या, खिडकीतून उजेड, आणि मध्ये न विझणारा दिवा. तेव्हा मी अट घातली की आधी साहेबांना सगळं खरं सांगणार. अप्पा म्हणाले, “सांगा की.” दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते माझ्याकडं बघून हसले आणि त्यांनी मान डोलावली, कारण आमच्या दोघांच्या डोक्यावर लाऊडस्पीकरचा भोंगा चालू होता.

समारंभ उस्मानाबाद रस्त्याच्या माळावर होता. विमान लांब जाऊ नये म्हणून मी टाकीत थोडंच तेल घातलं. पंखा फिरवला, इंजिन किंचाळलं, एरंडेलाचा वास सुटला आणि पुढच्या रांगेतल्या दोन पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला. मी विमान वाऱ्यावर सोडलं. आणि ते गेलं हो. खरंच गेलं. आधी जरा खाली दबलं, मग सावरलं आणि वर वर चढत राहिलं. मी ती मुकी पेटी पोटाशी धरून उभा होतो, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या पिळवटलेल्या पंखानं आपलं काम सुरू केलं. विमान हळूहळू उजवीकडं कलायला लागलं. गोल फिरत फिरत ते वाऱ्याबरोबर गावाकडं सरकलं. लोक ओरडत होते, “सर, जरा उजवीकडं घ्या,” आणि विमान उजवीकडंच जात होतं, त्यामुळं लोक माझ्यावर खूष होते. नेमकं देवळावर आल्यावर वारा पडला. विमान शिखराभोवती फिरायला लागलं. एक फेरा, दोन फेरे. किती, यावर गावात अजून तंटा आहे. मग तेल संपलं, आवाज थांबला आणि ते घाटाच्या अंगाला कुणाच्या तरी हरभऱ्यात अलगद उतरलं. त्याला साधा ओरखडाही आला नाही.

मला हार घातला. अप्पांनी माईकवरून जाहीर केलं की पोती आजच हालणार. मी जिंकलो होतो. त्या क्षणी मी तोंड मिटून खुर्चीत बसलो असतो तर आज ही तक्रार करायची वेळ आली नसती. पण साहेब भाषणाला उठले. ते म्हणाले की स्वतंत्र सदरांखाली, कमीत कमी दरानं, दोन ठिकाणांहून खरेदी करूनही काम किती सुरेख होतं, हे तुळजापूरनं दाखवून दिलं. हीच पद्धत आता परांड्यापासून उमरग्यापर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक हायस्कूलला बंधनकारक करण्याचा त्यांचा मानस आहे.

परांड्याचा शास्त्राचा मास्तर माझ्या डोळ्यांपुढं आला. कळंबचा आला. माळावर हजार माणसांपुढं मेलेलं बटन दाबत उभे असलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो आणि साहेबांच्या हातातून माईक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

“साहेब, माफ करा. ही पेटी आणि ते यंत्र जुळत नाही. बटन दाबलं तरी काही होत नाही. मी विमान वळवलं नाही. मी काहीच केलं नाही. ते आपलं आपण फिरलं.”

साहेब खाली बसले. मला वाटलं, खोली गेली तर गेली, पण सत्य तरी सांगितलं. तेवढ्यात अंबादासबुवा मागच्या रांगेतून हळू आवाजात म्हणाले, “सरांनी न्हाई वळवलं, तर मग शिखराला प्रदक्षिणा कुणी घातली?”

मी पिळवटलेल्या पंखाबद्दल सांगायला लागलो. वाऱ्याबद्दल सांगितलं. कुणी ऐकत नव्हतं. धुरपदाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. अप्पांनी बसल्या जागी पायांतले जोडे काढून बाजूला ठेवले होते. मी जितकं तळमळून सांगत होतो की यात माझा काही हात नाही, तितके लोक एकमेकांकडं बघून माना डोलावत होते. शास्त्राचा मास्तरच कबूल करतोय म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

ती पद्धत बंधनकारक करणारं परिपत्रक साहेबांनी काढलं नाही. एवढं माझ्या पदरात पडलं, आणि ते परांड्याच्या मास्तरला कधी कळणार नाही.

अप्पांनी शब्द पाळला. पोती त्याच संध्याकाळी हलली. खोली झाडून सारवून घेतली, भिंतींना चुना दिला. आणि हरभऱ्यातून विमान संबळ वाजवत आणून त्या खोलीत ठेवलं. प्रयोगासाठी मी भांडून करून घेतलेल्या टेबलावर. त्याला हळदकुंकू वाहिलं. बाजूला ती पेटीही ठेवली, म्हणजे या जन्मी न जुळलेली ती दोघं निदान शेजारी शेजारी तरी राहिली.

मी अप्पांकडं गेलो. “खोली माझी ठरली होती.”

“तुमचीच हाय की, सर,” अप्पा मनापासून म्हणाले. “कवाबी या. कुणी अडवणार न्हाई. फकस्त चपला भाईर काढत जावा. अन् तो तुमचा स्पिरिटचा दिवा तेवढा आत नको. इमानाला धूर लागतो.” हे ते समईत तेल घालता घालता म्हणाले. मागं उदबत्त्यांचा जुडगा जळत होता आणि कापराच्या धुरानं मला खोकला आला.

त्या वर्षी मी व्हरांड्यात जीव तोडून शिकवलं. वाऱ्याला आडोसा म्हणून शामलाचं जुनं लुगडं बांधलं. प्रत्येक मुलाच्या हातात एकदा तरी परीक्षानळी देईन असा हट्ट धरला आणि तो पुरा केला. मॅट्रिकचा निकाल लागला. शास्त्रात आमच्या शाळेचं एकही मूल नापास झालं नाही. हे आमच्या शाळेत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी खोलीपुढं रांग लागली होती. मुलं, मुलांचे आईबाप, सगळे नारळ घेऊन. मी व्हरांड्यात नळ्या धूत होतो. अप्पा आतून आले, त्यांनी माझ्या ओल्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “घ्या सर. आपल्या इमानानं तुमच्या विषयाची लाज राखली.”